तासिली: पाऊस उठून गेलेलं पठार

अल्जेरियाच्या आग्नेय टोकाला, लिबियाच्या सीमेजवळ, खजुरीच्या बागांचं जानेत गाव आहे. इथून जवळच एक काळपट कडा उभा आहे. त्याच्या माथ्यावर तासिली नाजेरचं पठार. तुआरेग लोक तासिली म्हणतात ते पठारालाच. वर गाडी जात नाही. सामान गाढवांवर लादायचं आणि खिंडीतून पायी चढायचं.

माथ्यावर वालुकाश्माचे सुळके एकमेकांना खेटून उभे, मधून गल्लीबोळ. सहारा म्हटलं की आपल्याला वारा आणि वाळू आठवते. पण या घळी कोरल्या त्या पाण्याने. सुमारे ११,००० वर्षांपूर्वी उत्तर गोलार्धातले उन्हाळे आजच्यापेक्षा जास्त तापायचे, म्हणून आफ्रिकेचा मोसमी पाऊस पार इथवर यायचा. गवत होतं, नद्या होत्या. आणि माणसं होती.

त्यांनी खडकांवर काढलेली, कोरलेली १५,००० हून अधिक चित्रं आज नोंदलेली आहेत. सेफार, जब्बारेन इथल्या कपारींत गेरूच्या रंगात जिराफ आहेत, पाणघोडे आहेत. मग गाईंचे कळप येतात, बांड्या, लांब शिंगांच्या, कळपामागे गुराखी. त्यानंतर घोडे. सगळ्यात शेवटी उंट. तोवर पाऊस उठून गेला होता.

१९५६ साली आंरी लोत हा फ्रेंच संशोधक चित्रकारांना घेऊन इथे आला. त्यांच्या नकलांमुळेच ही चित्रं जगाला कळली. पण रंग उठून दिसावेत म्हणून त्यांनी भिंती ओल्या स्पंजने पुसल्या. हजारो वर्षं टिकलेले रंग त्यामुळे फिके पडले. हे सांगताना आजही जीव तुटतो. १९८२ मध्ये तासिली जागतिक वारसा झाली.

काही घळींत अजून डोह टिकून आहेत. त्यांना गेल्टा म्हणतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत त्यांत मगरीही होत्या! पठारावर सायप्रसच्या जातीची, जेमतेम दोन-अडीचशे झाडं उरली आहेत. काहींचं वय २,००० वर्षांच्या पुढे. नवं रोप मात्र क्वचितच दिसतं.

जानेतजवळ, वाळूत एकट्या उभ्या असलेल्या एका खडकाच्या पायथ्याशी काही गाई कोरल्या आहेत. माना खाली. तिरपं ऊन पडलं की खोल रेघांत सावली भरते आणि डोळ्याखालचा थेंब स्पष्ट दिसतो. पाणी आटलं म्हणून ती गाय रडते, असं इथले लोक सांगतात.