वस्तऱ्याची पाठ

हा वस्तरा इंग्लंडमधल्या शेफील्डचा. हल्ली सलूनमध्ये दिसतो तसा अर्धं ब्लेड अडकवायचा नव्हे. याचं पातं आणि शेपूट पोलादाच्या एकाच तुकड्यातून घडवलेलं आहे. चांगल्या घड्याळी स्प्रिंगसाठी धडपडणाऱ्या बेंजामिन हंट्समन या घड्याळजीने १७४०च्या दशकात मुशीत पोलाद वितळवण्याची रीत बसवली, आणि शेफील्डच्या वस्तऱ्यांना एकजिनसी, कणखर पोलाद मिळालं.

असा वस्तरा एकदा घेतला की आयुष्यभर पुरवायचा. त्यामुळे याची घडण दाढीइतकीच धार राखण्यासाठीही केलेली आहे. आमच्या मते तर जास्तच.

पाठ बघा. धारेच्या समोरची ही जाड कड. पातं निसण्यावर आडवं ठेवलं की पाठ आणि धार दोन्ही एकदम टेकतात. पातं १६ मिलिमीटर रुंद आणि पाठ साडेचार मिलिमीटर जाड असेल, तर धारेचा कोन १६ अंशांच्या आसपास आपोआप येतो. मोजायचं काही नाही, पातं उचलायचं नाही, एवढंच. धारेबरोबर पाठही झिजत जाते, म्हणून वर्षानुवर्षं घासूनही कोन फारसा ढळत नाही. आजचे काही शौकीन पाठ झिजू नये म्हणून तिच्यावर चिकटपट्टी लावतात. लावोत बापडे, पण तेवढ्यानेही कोन थोडा वाढतो.

निसण्यावर धार पुढे असते. चामड्याच्या पट्ट्यावर चाल उलटी: पाठ पुढे, धार मागे. टोकाशी पोहोचल्यावर पातं पाठीवरच पलटायचं. धार आधी फिरवली तर ती चामड्यात घुसलीच म्हणून समजा.

जुनी पाती पाचरीसारखी भरीव. ती राठ दाढीतही डगमगत नाहीत, पण दगडावर खूप धातू घासावा लागतो. एकोणिसाव्या शतकात पात्याच्या दोन्ही बाजू गोल सहाणेवर खोलगट कोरू लागले आणि जर्मनीतल्या झोलिंगेनने त्यात हात बसवला. आता दगडाला टेकतात त्या फक्त दोन अरुंद पट्ट्या. पातं इतकं पातळ की केस कापताना बारीक आवाज करतं. ते फार लवू नये म्हणून काही पात्यांच्या पोटात किंचित जाड पट्टा राखलेला असतो. प्रकाश तिरका पडला की तो दिसतो.

आता शेपूट. अठराव्या शतकातल्या बऱ्याच वस्तऱ्यांना ते नव्हतंच, किंवा नावापुरतं होतं. पुढे ते लांबलं, वर वळलं आणि करंगळीला टेकायला जागा झाली. पातं आणि शेपूट यांच्यामधल्या दांडीच्या खालच्या अंगाला बारीक खाचा दिसतात ना? साबणाने बुळबुळीत झालेली बोटं घसरू नयेत म्हणून त्या.

पात्याचं नाक चौकोनी असेल, तर नाकाखालचा कोपरा आणि कल्ल्याची रेघ नेमकी साधते. पण कान-गालही तितक्याच सहज कापतात, म्हणून नवख्याच्या हाती गोल नाकाचा वस्तरा बरा. काही नाकांवर अर्धगोल खाच असते. एका हाताने वस्तरा उघडायला, असं काही जण सांगतात. संग्राहकांमध्ये यावर अजून वाद आहेत.

दांडीवरचा शिक्काही वाचा. अमेरिकेच्या १८९०च्या मॅकिन्ली कायद्याने आयात मालावर देशाचं नाव छापणं सक्तीचं झालं. तिथे विकलेल्या वस्तऱ्यावर ‘जर्मनी’ किंवा ‘इंग्लंड’ कोरलेलं असेल, तर तो बहुधा त्यानंतरचा.

शेवटी मूठ. दोन पातळ फळ्या, एका टोकाला त्यांच्यामध्ये पाचर, बहुतेकदा शिशाची, आणि ठोकून बसवलेल्या पितळी खिळ्या. ही मूठ पकडायची नसते, पकड दांडीवर. मूठ धारेला झाकते आणि पात्याचा तोल धरते. शिंग, हस्तिदंत, कासवाचं कवच यांपासून मुठी होत. नंतर सेल्युलॉइड हे स्वस्त, जुन्या काळचं प्लास्टिक आलं. ते जुनं होऊन विघटू लागलं की आम्लयुक्त वाफ सोडतं आणि ज्या पात्याला जपायचं त्यालाच गंजवतं. गंज फक्त मुठीत झाकल्या जाणाऱ्या भागावर दिसला, तर मूठ बोटाने जोरात घासा आणि वास घ्या. कापराचा वास आला तर सेल्युलॉइडच. ते पातं बाकीच्या वस्तऱ्यांपासून लांब ठेवा आणि मूठ बदलून घ्या.