फ्यूज जातोय म्हणून जाड तार टाकू का?

नमस्कार मंडळी, काय म्हणताय. आज आपण घरातल्या आणि मळ्यातल्या फ्यूजबद्दल बोलू, आणि सुरुवात त्या प्रश्नापासून करतो जो थंडी पडली की आम्हा वायरमन लोकांना हमखास ऐकू येतो. दादा, गीझर लावला की फ्यूज जातो, जरा जाड तार टाकून देता का? आता नाशिकची थंडी काही मी तुम्हाला सांगायला नको, निफाडचा पारा कुठे गेला ते आपण रोज पेपरात बघतोच, त्यामुळे गरम पाणी पाहिजे यात कुणाची चूक नाही. पण जाड तार टाकू का याचं उत्तर नाही असंच आहे, आणि ते का हे नीट सांगायला थोडा वेळ लागेल.

आपल्याकडे एक समज पक्का बसलाय की फ्यूज म्हणजे टीव्ही, फ्रिज, मिक्सर वाचवायची वस्तू. तर तसं नाहीये हो. फ्यूज असतो भिंतीतली वायर वाचवायला. फ्रिज जळायचा तर फ्यूजच्या देखत जळतो, पण वायर तापून तिच्यावरचं प्लास्टिक वितळून आग लागू नये यासाठी तो तिथे बसवलेला असतो. आणि माणसाला शॉक बसला तरी फ्यूज वाचवत नाही, कारण ५ अँपियरचा फ्यूज उडायला जेवढा करंट लागतो त्याच्या शंभराव्या हिश्श्यातही माणूस जाऊ शकतो. त्यासाठी आरसीसीबी नावाचा वेगळा खटका असतो, ३० मिलिअँपियर करंट गळला की तुटणारा, तो विषय पुढे कधीतरी घेऊ.

हिशोब सोपा आहे. वॅटला व्होल्टेजने भागलं की अँपियर. २००० वॅटचा गीझर, २३० व्होल्ट, म्हणजे पावणेनऊ अँपियरच्या आसपास. त्याच लाइनवर १००० वॅटची इस्त्री लावली की आणखी सव्वाचार, झाले १३. पाइपातून नेलेल्या दीड स्क्वेअर एमएमच्या वायरीला चौदा-पंधरा अँपियर म्हणजे तिचं टोक समजा, आणि त्यात कुणी पाण्याची मोटर चालू केली तर ते टोकही गेलं. वायरवरचं पीव्हीसी कायम ७० डिग्रीपर्यंतच सहन करतं. आणि यात एक गोष्ट फार लोकांच्या लक्षात येत नाही, करंट दुप्पट झाला की उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. तिप्पट झाला की नऊपट. जेम्स जूल नावाच्या इंग्रज संशोधकाने १८४० च्या दशकात हे मोजून दाखवलं, आणि तो नियम आपल्या भद्रकालीतल्या वाड्यात पण तसाच लागू आहे.

मग प्रश्न येतो की करंट तर वायरमधून पण तेवढाच जातो आणि फ्यूजमधून पण तेवढाच, तर फ्यूजच का वितळतो? कारण तो मुद्दाम बारीक ठेवलाय. ५ अँपियरची फ्यूज तार ०.२ मिलिमीटर जाडीची असते, १० ची ०.३५, १५ ची ०.५. आता ०.२ मिलिमीटरच्या तारेचा छेद काढा, दीड स्क्वेअर एमएमच्या वायरीपेक्षा ती जवळजवळ पन्नास पटीने बारीक निघते, म्हणजे तेवढ्याच लांबीत तिचा रेझिस्टन्स पन्नास पट, सगळी गरमी तिथेच जमा होते आणि ती आधी जाते. आख्ख्या लाइनीत आधी तुटायची जागा कुठली हे आपण ठरवून ठेवलंय, आणि ती चिनीमातीच्या आत आहे, जिथे ठिणगी पडली तरी पेटायला काही नाही. तुम्ही जाड तार टाकली की तुटायची जागा गायब होत नाही, ती फक्त तिथून उठून भिंतीत जाते, माळ्यावर जाते, जिथे जुनी लाकडं आणि गोधड्या ठेवल्यात तिथे जाते.

आणि लोक काय काय टाकतात म्हणता! पंचवटीत, सराफ बाजाराच्या मागे, जुन्या वाड्यांमध्ये अजून लाकडी बोर्डावर ते पांढरे किटकॅट, म्हणजे चिनीमातीचे फ्यूज दिसतात, पकड ओढून काढायची ते. ती काढून बघितली की आत हेअरपिन असते, बाइंडिंगची तार असते, नाहीतर चाळीस-छत्तीसच्या, म्हणजे ३६ गेजच्या चाळीस पदरांच्या वायरीतले सात-आठ पदर पिळून घातलेले असतात. आता त्या वायरीतला एक पदर ३६ गेजचा, म्हणजे ०.१९ मिलिमीटर, ५ अँपियरच्या फ्यूज तारेच्या जवळपासच, त्यामुळे दिव्यांच्या लाइनला अडीनडीला एक पदर टाकला तर मी फार बोलणार नाही. पण सात पदर म्हणजे फ्यूज नाहीच हो, नुसता सांधा झाला तो.

बरं, उडालेला फ्यूज फेकण्याआधी त्याच्याकडे बघायला शिका, कारण तो सांगतो काय झालं ते. पकड बाहेर काढली आणि तार मधोमध तुटलीय, दोन्ही टोकांना बारीक मण्यासारखा थेंब आलाय आणि चिनीमाती तशी स्वच्छच आहे, तर समजा लोड जास्त झाला, हळूहळू तापून तुटली. पण तार जवळजवळ शिल्लकच नाही, पकडीच्या खाचेत काळं पडलंय आणि तांब्याचे बारीक बारीक चमकणारे शिंतोडे उडालेत, तर ते शॉर्ट सर्किट आहे, कुठेतरी फेज आणि न्यूट्रल भिडलेत, आणि ते शोधल्याशिवाय नवीन तार टाकून उपयोग नाही, परत उडेल, आणि कदाचित तुमच्या हातात उडेल. काचेच्या नळीतल्या छोट्या फ्यूजचं पण तसंच, काच आरपार स्वच्छ असेल तर लोड, काळी किंवा आरशासारखी झाली असेल तर शॉर्ट. आणि हे सगळं बघायचं ते मेन स्विच बंद करूनच, हे सांगायची गरज नसावी पण सांगतोच.

वाड्यातलंच आणखी एक. खूप ठिकाणी जोडीने दोन किटकॅट असतात, एक फेजला आणि एक न्यूट्रलला. न्यूट्रलचा उडाला की दिवा जातो, माणसाला वाटतं लाइन बंद आहे, आणि होल्डरमध्ये फेज तशीच जिवंत बसलेली असते. न्यूट्रलमध्ये असा एकटा फ्यूज ठेवायचा नाही हे १९५६ च्या इलेक्ट्रिसिटी रूल्समध्येच लिहून ठेवलंय. तुमच्याकडे अशी जोडी असेल तर वायरमनकडून न्यूट्रलच्या फ्यूजच्या जागी लिंक, म्हणजे न वितळणारी धातूची पट्टी टाकून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे.

आता एमसीबी, म्हणजे फ्यूजच्या जागी बसणारा, आपोआप पडणारा खटका. ती जर्मनीत ह्यूगो स्टॉट्झने १९२४ मध्ये आणली, आणि फ्यूजच्या मानाने ती जास्त काटेकोर आहे. किटकॅटमधली ५ अँपियरची तार ५ ला तुटत नाही, जवळजवळ दुप्पट करंट झाल्यावर तुटते, तोवर वायर बिचारी तापत राहते. एमसीबी मात्र रेटिंगच्या १.४५ पट करंटला तासाभराच्या आत पडलीच पाहिजे असा नियम आहे. आत दोन धातूंची एक पट्टी असते, ती तापली की वाकते आणि खटका पाडते, हे लोडसाठी, आणि शॉर्ट झालं तर पट्टी तापायची वाट कोण बघणार, त्यासाठी एक कॉइल असते ती क्षणात ओढते. पण इथे पण आपलं तेच, १६ ची सारखी पडते म्हणून ३२ ची बसवून घेतात. अहो, वायर तीच आहे ना? मग ३२ ची बसवणं आणि किटकॅटमध्ये हेअरपिन घालणं यात मला तरी फरक दिसत नाही, फक्त दिसायला जरा मॉडर्न.

एक प्रकार मात्र असा आहे की फ्यूजला पण कळत नाही आणि एमसीबीला पण कळत नाही. सॉकेटचा स्क्रू ढिला. करंट नेहमीचाच आहे, ८-९ अँपियर, पण त्या ढिल्या जागेवर तो रोज गरमी करतोय. सॉकेटला पिवळट डाग पडला, प्लगची पिन हाताला चटका देते, खोलीत कुठून तरी सडक्या मासळीसारखा वास येतो आणि घरात तर मासळी आणलेलीच नाही, तर ते प्लास्टिक तापतंय असं समजा आणि मेन बंद करून वायरमनला बोलवा.

आता मळेवाल्यांसाठी, कारण दिंडोरी, पिंपळगाव, ओझरकडून ऐकणारे बरेच आहेत आणि द्राक्षाच्या पाण्याच्या दिवसांत मोटर जळली की काय होतं ते मला माहितीय. पाच एचपीची थ्री फेज मोटर चालताना साधारण साडेसात अँपियर घेते, पण डायरेक्ट स्टार्ट करताना काही सेकंद सहापट, म्हणजे ४५ च्या आसपास. त्यामुळे तिचा फ्यूज तो झटका सोसेल असा मोठाच ठेवावा लागतो. आता डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, एक फेज गेली. मोटर थांबत नाही, नुसती घुमायला लागते, आणि उरलेल्या दोन फेजवर सगळा भार घेते, करंट पावणेदोन पटीच्या आसपास, म्हणजे तेरा अँपियर. १५-२० चा फ्यूज त्याला काहीच म्हणत नाही, आणि तोवर आतली वाइंडिंग काळी पडते. म्हणून मोटर वाचवायचं काम फ्यूजचं नाही, स्टार्टरमधल्या ओव्हरलोड रिलेचं आणि एक फेज गेली की मोटर बंद करणाऱ्या सिंगल फेज प्रिव्हेंटरचं आहे. रिलेचा काटा मोटरच्या प्लेटवर लिहिलेल्या अँपियरला ठेवायचा. आपले लोक काय करतात, रिले पडतो म्हणून काटा शेवटपर्यंत फिरवतात, नाहीतर बटणाला तार बांधून ठेवतात, आणि मग रिवाइंडिंगवाल्याकडे जाऊन कंपनीला शिव्या घालतात.

आणि डीपीवर स्वतः चढू नका. १०० केव्हीएच्या डीपीजवळ शॉर्ट झालं तर तीन हजार अँपियरच्या घरात करंट वाहतो, तिथे तुम्ही पकडीत ॲल्युमिनियमची तार घालून ती हाताने दाबत असाल आणि पलीकडे कुणाची केबल शॉर्ट असेल तर तो जाळ तोंडावर येतो. कारखान्यांमध्ये, आपल्या सातपूर-अंबडला, यासाठी एचआरसी फ्यूज वापरतात, त्यात क्वार्ट्झची वाळू भरलेली असते, पत्ती वितळली की ती वाळू पण वितळून काचेसारखी होते आणि ठिणगी तिथेच विझते, ८० हजार अँपियरपर्यंतचा शॉर्ट तो आतल्या आत मारतो. डीपीच्या किटकॅटमध्ये यातलं काही नाही. १९१२ या वीज तक्रारीच्या नंबरला फोन लावा, लाइनमन येईपर्यंत मोटर बंद ठेवा, आणि लाइट आल्यावर पण लगेच बटण दाबू नका, आधी तिन्ही फेज आल्यात का ते स्टार्टरच्या दिव्यांवर बघा.

सुरुवातीचा गीझरचा प्रश्न राहिलाच. तुम्हाला जाड फ्यूज नकोय, गीझरला मेन बोर्डापासून वेगळी लाइन पाहिजे, चार स्क्वेअर एमएमची तांब्याची, तिला स्वतःची १६ ची एमसीबी, आणि अर्थिंग. ती ओढून होईपर्यंत गीझर चालू असताना इस्त्री आणि मोटर बंद ठेवा, फ्यूज जाणार नाही. अर्थिंगचं पुढच्या आठवड्यात बोलू, प्रश्न असतील तर पाठवून ठेवा. नमस्कार.