एकाच मापाने

(दृश्य: पहाटेचा अंधार, विद्यापीठाच्या मागे लेण्यांचा डोंगर)

छत्रपती संभाजीनगर. वसतिगृहाच्या एका खोलीत संगणकाचा पंखा रात्रभर घरघरतोय. पडद्यावर एमआरआयच्या करड्या चित्रांतून एक मेंदू आकार घेतोय.

औसा तालुक्यातल्या शेतकऱ्याची ही लेक स्मृतिभ्रंशावर संशोधन करते. हाताशी सॉफ्टवेअर आहे फ्रीसर्फर. बोस्टनच्या मार्टिनोस या वैद्यकीय चित्रणाच्या संशोधन केंद्रात ते घडतं आणि संशोधकांना फुकट मिळतं. मेंदूवरचं करडं आवरण सरासरी अडीच मिलिमीटर जाड, तेही घड्यांत दडलेलं. फ्रीसर्फर त्याची आतली आणि बाहेरची कड शोधतं आणि दोन्हींमधलं अंतर जागोजागी मोजतं. अल्झायमरमध्ये हेच आवरण पातळ होत जातं.

जुन्या आवृत्तीला एका मेंदूसाठी सात-आठ तास सहज लागायचे. मध्येच वीज गेली की अर्धवट राहिलेला टप्पा पुन्हा पहिल्यापासून. कितीतरी रात्री तिने अशा काढल्या.

२०२५ मध्ये आठवी आवृत्ती आली. कवटी वेगळी काढणं, मेंदूचे भाग ओळखणं ही कामं आता शिकवलेली न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारे प्रोग्राम, करतात. संगणकानेच बनवलेल्या लाखो कृत्रिम चित्रांवर ती शिकलीत, त्यामुळे निरनिराळ्या यंत्रांवरच्या स्कॅनपुढे सहसा अडखळत नाहीत. मेमरी जास्त लागते, पण वेळ खूपच वाचतो. आपल्याकडे प्रत्येक जिल्ह्यात यंत्र वेगळं, म्हणून मला ही सोय वेगापेक्षाही मोलाची वाटते.

(दृश्य: पडद्यावर फोल्डरांची लांब यादी)

पण तिचे अर्ध्याहून अधिक स्कॅन सातव्या आवृत्तीत मोजून झाले होते. उरलेले आठवीत उरकले तर?

२०१२ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी तेच स्कॅन फ्रीसर्फरच्या तीन आवृत्त्यांतून काढून पाहिले होते. मेंदूच्या भागांच्या आकारमानात सरासरी ८.८ टक्के फरक पडला, जाडीत २.८ टक्के. संगणकाची प्रणाली बदलली तरी आकडे हलले. आता हे शेजारी ठेवा: अल्झायमरमध्ये हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणी घडवणारा भाग, वर्षाला साधारण चार-पाच टक्के आकसतो. आजार जेवढा फरक पाडतो, त्याहून मोठा फरक आवृत्ती पाडू शकते. आणि तो कागदावर आजारासारखाच दिसेल.

त्या आठवड्यात गावाकडे ज्वारीची काढणी चालू होती. रात्री वडिलांचा फोन आला.

"काय करायलीस लेकरा? झालं का मोजून?"

"नाही दादा, पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागंल. माप नवं आलंय."

"मग सगळंच नव्यानं मोज. अर्धं आपल्या पायलीनं अन् अर्धं बाजारातल्या, असा हिशेब कधी लागायचा न्हाई."

गावोगावची पायली वेगळी असायची, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना याहून अधिक सांगायला नको.

(दृश्य: कीबोर्डवरची बोटं)

जुने निकाल तिने पुसले नाहीत. 'आवृत्ती सात' असं नाव देऊन बाजूला ठेवले. वहीत आवृत्ती, संगणक, तारीख लिहिली. मग अगदी पहिला स्कॅन उघडला, आज्ञा टाकली आणि एंटर दाबलं.

डोंगरावर आता उजाडलंय. पडद्यावर पहिल्या मेंदूची कवटी वेगळी झालीय.