वासुदेवाचं मेण

[दृश्य: तळहातावर मेणाचा गोळा. मागे ठोकण्याचा आवाज.]

कसबा पेठ, सकाळचे दहा. मागे ऐकू येतेय ती तांबट आळीतली ठोक.

ताई मूर्ती घडवतात. आधी मेणाचा नमुना, मग त्यावरून साचे, मग चिनी मातीची मूर्ती. त्यांच्या हातात आत्ता मधमाशीचं मेण आहे. त्यात थोडं तेल, थोडी राळ. उन्हाळ्यात मेण लोळतं, म्हणून या दिवसांत राळ जरा जास्त.

आत तांब्याची तार. तिच्याभोवती आधी पाय चढतात, मग अंगरख्याचा घेर. वासुदेव आहे हा. मोरपिसांची टोपी, हातात चिपळ्या, ‘दान पावलं’ म्हणायला किंचित उघडलेलं तोंड. उंची सहा इंच. चिनी मातीत तो पाचावर येईल, कारण वाळताना आणि भाजताना माती साधारण सहाव्या हिश्शानं आवळते.

[दृश्य: कोरणी, अगदी जवळून.]

ही सळई दातांच्या डॉक्टरांकडची, जुनी. घेराच्या चुण्या मुद्दाम खोल काढल्यात. वरची झिलई उथळ रेघा बुजवते. नाकाचंही तेच. मेणातला वासुदेव म्हणून जरा जास्तच नाकेला.

घेर नुसता शोभेचा नाही. १३००-१४०० अंशांना ही माती मऊ पडते, दोन बारीक पायांवरची मूर्ती बसकण मारते. जर्मनीत मायसनला, १७१० साली सुरू झालेल्या कारखान्यात, मूर्तीमागे झाडाचं खोड उभं करत, ते याचसाठी. १७३१ साली तिथं आलेल्या कँडलर या शिल्पकारानं पॅरिसचे फेरीवालेसुद्धा चिनी मातीत आणले. मग कसब्यातला वासुदेव का नको?

[दृश्य: गरम पातं. टोपी सुटते.]

आता कापाकापी. टोपी वेगळी, हात वेगळे, धड वेगळं. प्रत्येकाचा प्लास्टरचा साचा. पितळेच्या ओतकामात मेण जाणारच असतं, साच्यातून वितळून गेल्याशिवाय धातूला जागा होत नाही. इथं मात्र मेण साच्यातून परत निघतं. तुकड्यांत, पण निघतं. बोटांचे ठसे असतात ते याच तुकड्यांवर. काचेच्या कपाटात पोचते त्या मूर्तीवर नाही. फ्लॉरेन्सजवळ डोचियाच्या कारखान्यानं १८व्या शतकातली मेणाची शिल्पं जपली, ती आज संग्रहालयाची दौलत आहे.

साच्यांतून अकरा वासुदेव निघाले. भट्टीत दोन वाकले, नऊ विकले गेले.

[दृश्य: गॅसवर पातेलं. हाताखालचा मुलगा तुकडे घेऊन उभा.]

“ताई, हा ठेवूया ना?”

“कुठं रे ठेवायचा? कपाटात? एप्रिलात मान टाकेल तो.”

[इथं निवेदन थांबवावं. नुसता आवाज.]

मोरपिसं आधी विरघळतात. नाक बराच वेळ टिकतं.

पातेल्यात शेवटी तार राहते. ताई ती चिमट्यानं काढतात, पुसतात, सरळ करतात. पुढची ऑर्डर गोंधळ्याची आहे.