पावसाचे दोन गोवारीकर

(दृश्य: मेणवली, कृष्णेचा घाट)

वाईजवळची मेणवली. मागे नाना फडणवीसांचा वाडा, पुढ्यात कृष्णा. देवळातली ही अवजड घंटा पोर्तुगीज बनावटीची, वसईच्या लढाईतली. हल्ली लोक घंटेकडे नंतर बघतात; आधी विचारतात, 'स्वदेस'चं शूटिंग कुठे झालं?

इथेच. आशुतोष गोवारीकरांनी २००४ साली सिनेमातलं चरणपूर गाव दाखवलं ते याच घाटावर. नायक मोहन नासात पाऊस मोजणाऱ्या उपग्रहावर काम करतो. त्याआधीचा 'लगान' सुरूच होतो दुष्काळापासून.

(दृश्य: पुणे, शिमला ऑफिस)

शिवाजीनगरचं शिमला ऑफिस. १९२८ साली हवामान खात्याचं मुख्यालय शिमल्याहून इथे आलं. मुख्यालय पुढे दिल्लीला गेलं, नाव राहिलं. पावसाच्या अंदाजामुळे या खात्याशी नाव जोडलं गेलेले गोवारीकर वेगळे, डॉ. वसंत गोवारीकर. नात्यागोत्याच्या चौकशीत शिरायला नको. पण मेणवलीत यांच्याबद्दल कुणी विचारत नाही, म्हणून जरा सविस्तर.

(दृश्य: थुंब्याची कृष्णधवल छायाचित्रं)

मोहन पडद्यावर भारतात परतला त्याच्या कितीतरी आधी, १९६७ साली, वसंतराव इंग्लंडमधलं संशोधन सोडून विक्रम साराभाईंच्या बोलावण्यावरून थुंब्याच्या अग्निबाण केंद्रात आले. केरळचा किनारा, कोळ्यांची वस्ती, आणि हे चर्च, तेच सुरुवातीचं ऑफिस. शिक्षणाने केमिकल इंजिनिअर, म्हणून वाट्याला आलं अग्निबाणाचं घन इंधन. १८ जुलै १९८० ला एसएलव्ही-३ या अग्निबाणाने रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला, तेव्हा विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक हेच होते.

(दृश्य: ढग, नकाशे, आकडेमोड)

१९८७ चा दुष्काळ पडला तेव्हा वसंतराव केंद्रात विज्ञान-तंत्रज्ञान खात्याचे सचिव होते. हवामानशास्त्रज्ञांना सोबत घेऊन त्यांनी सोळा घटक हेरले. हिमालयावरचा हिवाळी बर्फ, प्रशांत महासागराचं पाणी तापवणारा एल निनो, ऑस्ट्रेलियातल्या डार्विनचा हवेचा दाब, थेट अर्जेंटिनातलाही दाब! यातले किती अनुकूल आणि किती प्रतिकूल, हे आधी बघायचं. मग समीकरणातून देशभरात सरासरीच्या किती टक्के पाऊस पडेल ते काढायचं. १९८८ पासून मान्सूनचा अंदाज या पद्धतीने निघू लागला, आणि 'गोवारीकर मॉडेल' हे नाव पेपरांतून घरोघर गेलं.

२००२ साली 'लगान' ऑस्करच्या मांडवात होता. त्याच पावसाळ्यात जुलै कोरडा गेला, मॉडेल चुकलं, देशात दुष्काळ पडला आणि पुढच्या वर्षी खात्याने नवी मॉडेलं घेतली.

'स्वदेस'मधला उपग्रह २०१४ च्या फेब्रुवारीत जपानहून खरोखर अवकाशात गेला.