आधी कान, मग हत्यार

मित्रहो, जुनं घड्याळ बंद पडलं की बहुतेक जण आधी तेलाची बाटली शोधतात. तेल नेमकं कुठे घालायचं हे माहीत नसतं, म्हणून दिसेल तिथे घालतात. घड्याळ दोन-चार महिने चालतं, पुन्हा थांबतं, की पुन्हा तेल. इतकी वर्षं घड्याळं उघडल्यावर माझं ठाम मत झालंय, की वयानं या यंत्रांचं जेवढं नुकसान केलं त्याहून जास्त घाईच्या दुरुस्तीनं केलंय. आज मी त्याबद्दलच बोलणार आहे, आणि सुरुवात या तेलापासूनच करतो.

घड्याळातली चाकं पितळेची असतात आणि ती ज्यांना फिरवतात ते छोटे पिनियन पोलादाचे. पितळ मऊ, म्हणजे आधी तेच झिजणार, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात बरेचदा उलटं घडतं. दात्यांवर तेल पडलं की त्यावर धूळ बसते. धुळीतले कठीण कण मऊ पितळेत रुतून बसतात आणि मग तोच पितळी दाता कानशीसारखा पोलादावर घासत राहतो. भिंगाखाली पिनियन धरा, पोलादात कोरलेली खाच स्पष्ट दिसेल. म्हणून चाकांचे दाते कोरडेच ठेवायचे.

तेल लागतं ते पिव्हटना, म्हणजे आसाच्या बारीक टोकांना. ही टोकं पितळी प्लेटच्या भोकांत फिरतात. भोकाच्या बाहेरच्या बाजूला इवलीशी वाटी कोरलेली असते. ती निम्मी भरेल एवढाच थेंब सोडायचा. वाटी भरून वाहिली तर ओघळणारं तेल आतलं तेलही बरोबर ओढून नेतं, आणि ज्याला भरपूर पाजलं तोच पिव्हट कोरडा पडतो. जुन्या, घट्ट झालेल्या तेलावर नवं तेल घालणं तर त्याहून वाईट. आतल्या मळाची त्यानं घोटायची पेस्ट होते.

तर मग बंद पडलेल्या घड्याळाला आधी काय करायचं? ऐकायचं. चावी दिलेली असेल तर लंबकाला हलका झोका द्या आणि डोळे मिटून उभे राहा. टिक आणि टॉक यांमधलं अंतर दोन्हीकडे सारखं हवं. ‘टिक-टॉक... टिक-टॉक...’ असा लंगडा ठेका आला, तर घड्याळ बहुधा नुसतं कललेलं असतं. भिंत पुसताना धक्का लागला असेल, जागा बदलली असेल. खोकं उजवीकडे-डावीकडे कणभर सरकवत ठेका सारखा करा. पुष्कळ घड्याळं एवढ्यावरच चालू होतात. सरळ टांगूनही ठेका लंगडाच राहिला, तर लंबकाला ढकलणारी जी काडी असते, क्रच म्हणतात तिला, ती किंचित वाकवावी लागते. आणि घड्याळ हलवायचं असेल तेव्हा लंबक आधी काढून ठेवा. तो ज्या पोलादी पट्टीवर लटकतो ती फार पातळ असते. वाटेत हिसके बसले की ती मुरगळते.

हा ठेका म्हणजे या यंत्राचा प्राण. डच शास्त्रज्ञ क्रिस्टियान हायगेन्सनं 1656 मध्ये घड्याळाला लंबक जोडला. त्याआधीची घड्याळं दिवसाला पाव तास सहज चुकायची, लंबक आल्यावर ती चूक काही सेकंदांवर आली. एका बाजूला जायला एक सेकंद घेणारा लंबक साधारण 99.4 सेंटिमीटर लांब असतो. ही लांबी फक्त एक मिलिमीटरनं वाढली तर दिवसाला सुमारे 43 सेकंदांचा फरक पडतो. पोलादी दांडा उष्णतेनं लांबतो, म्हणून तापमान एक अंशानं चढलं की घड्याळ दिवसाला साधारण अर्धा सेकंद मागे पडतं. तेव्हा लंबकाची लांबी कमी-जास्त करणारी त्याखालची चकती फिरवताना अर्धा फेरा फिरवा आणि एक दिवस वाट पाहा. तासाभरात पुन्हा हात लावू नका. लंडनच्या वेस्टमिन्स्टरच्या मोठ्या घड्याळात लंबकावर जुनी पेनी नाणी ठेवतात. एक नाणं ठेवलं की घड्याळ दिवसाला 0.4 सेकंदानं पुढे जातं. शेकडो किलोंच्या त्या लंबकाला एका नाण्याचं वजन कळतं! मला हे आजही विलक्षण वाटतं.

आता घड्याळ उघडायची वेळ आली, असं धरू. प्लेटा सोडवण्यापूर्वी स्प्रिंगची सगळी ताकद उतरवायची, यात कसलीही सूट नाही. चावी घट्ट धरायची, खटका उचलायचा आणि चावीला हातात थोडं थोडं उलटं फिरू द्यायचं. टोले देणाऱ्या घड्याळात सहसा दोन स्प्रिंगा असतात, असतील तेवढ्या सगळ्या उतरवायच्या. ताणलेल्या स्प्रिंगसकट प्लेट सुटली तर चाकांचे दाते उडतात, आणि बोटंही फाटतात.

उघडल्यावर बहुतेक वेळा दिसतं ते लांबट झालेलं भोक. पिव्हट वर्षानुवर्षं एकाच बाजूला रेटला जातो, भोक अंड्यासारखं होतं आणि चाकं एकमेकांत नीट बसत नाहीत. यावर जुना उपाय म्हणजे भोकाभोवती पंच मारून पितळ आत दाबायचं. घड्याळ चालू होतं, पण प्लेटवर कायमचे घाव राहतात आणि काही वर्षांत भोक पुन्हा सैल होतं. योग्य काम म्हणजे भोक मोठं करून त्यात पितळी बुश, म्हणजे छोटी नळी, बसवणं. त्यातली मेख अशी, की आहे त्या लांबट भोकातून रीमर, म्हणजे भोक मोठं करायचं हत्यार, फिरवला तर तो झिजलेल्या बाजूलाच ओढला जातो आणि केंद्र सरकतं. म्हणून आधी समोरची, न झिजलेली बाजू बारीक कानशीनं तेवढीच घासायची. मूळ केंद्र पुन्हा मधोमध आलं, की मगच रीमर.

सफाईबद्दल थोडंच सांगतो. तीव्र अमोनियात घड्याळ भिजत ठेवू नका, ताण असलेल्या पितळेला त्यानं तडे जातात. आणि रुपेरी तबकडीवर पितळेचं पॉलिश तर अजिबात नको. ते चांदीचं पाणी अगदी पातळ असतं, दोन-चार वेळा घासलं की खालचं पितळ उघडं पडतं.

एकदा माझ्याकडे एक उंच उभं घड्याळ आलं. तबकडी काढली तर प्लेटवर सुईनं खरवडलेली आद्याक्षरं आणि सालं दिसली. पाच वेगवेगळी हस्ताक्षरं होती. एकाचं अक्षर इतकं नेटकं, की त्यानं बसवलेले बुशही मला लगेच ओळखू आले. एका भोकाभोवती मात्र पंचाचे सात घाव होते, आणि तिथे कोणाचीच सही नव्हती. मालक म्हणाले, प्लेट घासून चकचकीत करून द्या. मी नाही म्हटलं. त्यांना भिंग दिलं आणि ती पाचही नावं एकेक करून वाचायला लावली. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग त्यांनीच विचारलं, तुमचं नाव कुठे लिहिणार?

प्लेटवर मी आता काही खरवडत नाही. काय बदललं, कुठला बुश नवा, काढलेला भाग कुठे ठेवलाय, हे सगळं कागदावर लिहून खोक्याच्या आत, दाराच्या मागे ठेवतो. त्या घड्याळातून काढलेली लंबकाची जुनी पट्टीही तिथेच एका पाकिटात आहे.