चौथी तार

पॅनेलचं दार उघडलंय. तीन फेजच्या तारा ठणठणीत आहेत. आता चौथी बघा. लगपाशी, म्हणजे टोकाच्या धातूच्या जोडापाशी, तिचं आवरण तपकिरी पडून चिरलंय. हात नुसता जवळ नेला तरी धग लागते. ही न्यूट्रल, तिन्ही फेजच्या करंटची परतीची सामाईक तार. तिन्ही फेजवर लोड सारखाच आहे, म्हणजे हिच्यातून जवळपास काहीच करंट जायला नको.

मग ही तापली कशानं?

संगणक, एलईडी दिवे, चार्जर ही मंडळी सलग करंट घेत नाहीत. व्होल्टेजची लहर माथ्यावर आली की तेवढ्यापुरता घोट घेतात. अशा तुटक करंटात मूळ ५० हर्ट्झबरोबर १५०, २५०, ३५० हर्ट्झच्या लहरीही मिसळलेल्या असतात. ह्याच हार्मोनिक्स. तिन्ही फेजचे मूळ करंट एकमेकांपासून १२० अंशांवर, म्हणून न्यूट्रलमध्ये ते एकमेकांना खोडून टाकतात. तिसऱ्या हार्मोनिकचं, म्हणजे १५० हर्ट्झचं, गणित वेगळं: १२० ची तिप्पट ३६०. तिघं एका तालात येतात आणि त्यांची सरळ बेरीज होते. न्यूट्रलचा करंट मग फेजच्या १.७३ पटीपर्यंत चढू शकतो. साधा क्लॅम्प मीटर तो कमी दाखवतो, म्हणून इथे वाकड्या लहरीचंही खरं माप देणारा ट्रू आरएमएस मीटरच हवा.

पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या विजेतली कामी येणारी विजेची पट्टी, सुधारायला कपॅसिटर बसवतात, ते योग्यच. पण हार्मोनिक्स न मोजता बसवू नका. कपॅसिटर आणि ट्रान्सफॉर्मर यांचा सूर एखाद्या हार्मोनिकशी जुळला, तर ती हार्मोनिक कैक पटींनी वाढते आणि कपॅसिटर फुगून निकामी होतात. त्यांच्या जोडीला तारेचं वेटोळं, म्हणजे रिअॅक्टर लागतो. ७ टक्क्यांचा रिअॅक्टर तो सूर १८९ हर्ट्झवर आणतो, पाचव्या हार्मोनिकच्या (२५० हर्ट्झ) खाली. तिसऱ्याचा जोर असेल तर १४ टक्क्यांचा, म्हणजे साधारण १३४ हर्ट्झ.

अॅक्टिव्ह फिल्टर करंट सतत मोजतो आणि हार्मोनिक्सच्या बरोबर उलटा करंट सोडतो. जपानच्या हिरोफुमी आकागी आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या गणितावर असे कितीतरी फिल्टर चालतात. न्यूट्रल निववायची तर तो चार तारांचाच, म्हणजे न्यूट्रललाही जोडणारा, घ्यावा लागतो.

फिल्टर बसवायचा कुठे? माझं मत स्पष्ट आहे: घाण निर्माण होते तिथेच, लोडजवळ. कारण हा बिघडलेला करंट सामाईक ट्रान्सफॉर्मरमधून जाताना व्होल्टेजची लहरही वाकडी करतो, आणि ते व्होल्टेज शेजाऱ्याच्या मोटारीला मिळतं. तिनं काहीही केलेलं नसताना ती तापते.

आता पॅनेलमध्ये जाड न्यूट्रल ओढली आहे, लग नवा आहे, आणि मीटरचा जबडा पुन्हा त्याच चौथ्या तारेभोवती मिटतोय.